पाना हातात घेण्याआधी

जेफ्री हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. यंत्राला शिकवण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. पुढच्याच वर्षी एका मुलाखतीत त्यांना विचारले, की येत्या काळात माणसाने कोणते काम शिकावे. ते म्हणाले, प्लंबरचे. अडचणीच्या जागी हात घालून करायचे काम यंत्राला इतक्यात जमणार नाही, असा त्यामागचा विचार.

हे वाक्य फिरत फिरत बीड जिल्ह्यातल्या पारांवरही येऊन पोचले आहे, आणि इथे त्याला आयती जमीन मिळाली. बी.ए. झालेली, पोलीस भरतीसाठी पहाटे धावलेली, पुण्यात खोली करून स्पर्धा परीक्षा दिलेली आणि परत आलेली पोरे गावोगाव आहेत. त्यांच्या बापाला कुणीतरी सांगते, "डिग्रीचं काय लोणचं घालायचं का? नळाचं काम शिकव. रोजचा रोज पैसा." सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. सल्ला मात्र अर्धाच असतो, आणि गाळलेला अर्धा भाग नेमका पोराच्या वाट्याला येतो.

हिंटन राहतात कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतात. तिथे प्लंबर व्हायचे तर सुमारे ९,००० तासांची उमेदवारी करावी लागते, म्हणजे साधारण पाच वर्षे. त्या काळात पोराला पगार मिळतो, मध्ये मध्ये वर्गात बसावे लागते, शेवटी परीक्षा होते. नोंदणी किंवा प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला तिथे प्लंबर म्हणून काम करता येत नाही. जर्मनीत नळ आणि हीटरच्या कारागिराचे शिक्षण साडेतीन वर्षांचे. तिथल्या प्लंबरची कमाई आपण ऐकतो ती या कुंपणाच्या आतली कमाई आहे. कारागीर मोजके आहेत, कारण दार अरुंद आहे. आपल्याकडे दारच नाही. ज्याच्याकडे पाना आणि करवत आहे तो प्लंबर. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत नळजोडणीसाठी परवानाधारक प्लंबर लागतो, पण कित्येकदा सही परवानाधारकाची आणि काम दुसऱ्याच कुणाचे असते. गावात तर तेवढाही अडसर नाही.

नेकनूरचेच घ्या. बीड तालुक्यातले, बालाघाटच्या पठारावरचे, मांजरसुंब्याहून केजकडे जाताना लागणारे हे आठवडी बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांना सिमेंट-लोखंडापासून नळाच्या तोटीपर्यंत सगळे इथे मिळते, म्हणून कारागीरही इथेच शोधतात. स्लॅबची घरे वाढली, प्रत्येक घरावर काळी किंवा पांढरी टाकी आली, घरात संडास आला, गिझर आला. एवढे पाहून कुणालाही वाटेल की इथे प्लंबरला मरण नाही. काम आहेच. प्रश्न असा आहे, की ते काम कुणाला मिळते, किती महिने मिळते आणि ते शिकेपर्यंत पोराला कोण पोसते.

शिकायच्या वाटा तीन. पहिली आयटीआयची. प्लंबर हा तिथला एका वर्षाचा अभ्यासक्रम, आठवी पास मुलालाही प्रवेश मिळतो. शासकीय आयटीआय बीडला, म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरवर. दुसरी वाट काहीशे तासांच्या अल्पमुदतीच्या वर्गांची. २०१५ साली केंद्राची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आणि राज्याचे प्रमोद महाजन अभियान आले, तेव्हापासून असे वर्ग फोफावले. तिसरी वाट जुनी आणि खरी, मिस्त्रीच्या हाताखाली राहण्याची. पहिल्या दोन वाटांनी गेलेलाही शेवटी तिसऱ्या वाटेवर येतो, आणि तिथे त्याच्या प्रमाणपत्राला कुणी विचारत नाही. तो बिगारी म्हणूनच लागतो. पाइप वाहणे, भिंत फोडणे, राडारोडा उचलणे आणि मिस्त्रीचा चहा आणणे.

याचा अर्थ आयटीआय निरुपयोगी असा मी काढत नाही. पण तिथे काय शिकता येत नाही ते समजून घेतले पाहिजे. बाथरूममधल्या मिक्सरचे उदाहरण घेऊ. गरम पाण्याची लाईन डावीकडे, थंडची उजवीकडे, आणि भिंतीतल्या दोन तोंडांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच. मिक्सरच्या वाकड्या पायांमुळे थोडीफार चूक झाकता येते, जास्त नाही. पुस्तकात हे एका ओळीत संपते. जागेवर भिंत ओळंब्यात नसते. गवंड्याने अजून गिलावा केलेला नसतो, फरशी किती जाडीची येणार ते मालकाने ठरवलेले नसते. गिलाव्याचा थर आणि फरशी धरून पाइपाचे तोंड किती बाहेर ठेवायचे, हा अंदाज हाताने करायचा असतो. तोंड आत राहिले तर पुढे एक्स्टेन्शन निपल जोडावे लागते, म्हणजे गळतीला आणखी एक जागा. बाहेर राहिले तर मिक्सरचे झाकण भिंतीला टेकत नाही आणि मालक दर सकाळी दात घासताना कारागिराची आठवण काढतो.

मग येते पाणी भरून दाब देऊन बघण्याचे काम. सगळ्या तोंडांना डमी लावायच्या, हातपंपाने दाब चढवायचा, काटा खाली येतो का ते बघत थांबायचे. सांध्याचा सोल्युशन पुरता वाळायला वेळ द्यायचा असतो, तोही कंपनीने डब्यावर छापलेला असतो. गवंडी मात्र मागे उभा असतो, "झालं का? मला माल लावायचाय." मालक आज मजूर लावून बसलेला असतो. अशा वेळी मिस्त्री दाब न बघता भिंत बुजवू देतो आणि हाताखालचा पोरगाही तेच शिकतो. दोन पावसाळ्यांनी खोलीच्या भिंतीला ओल येते. फरशी फोडून गळती शोधावी लागते तेव्हा फरशीचा, मजुरीचा आणि शिव्यांचा खर्च कुणी भरायचा, याचा कुठेही लेखी करार नसतो. नेकनूरसारख्या ठिकाणी आणखी एक गोची. उन्हाळ्यात, बांधकामाच्या ऐन हंगामात, दाब बघायला लागणारे पाणीही टँकरचे असते. विकत घेतलेले पाणी पाइपात भरून सोडून द्यायला मालक राजी नसतो.

हे सारे शिकायला तीन-चार वर्षे लागतात, आणि या वर्षांची व्यवस्था कायद्यात नाही असे नाही. उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमांनी उमेदवाराला शिक्षणानुसार दरमहा ५ ते ९ हजार रुपये किमान विद्यावेतन ठरवून दिले. पण ती सक्ती तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना. चार माणसांपासून पुढे ऐच्छिक. नेकनूरचा मिस्त्री म्हणजे तो स्वतः, एक हेल्पर आणि एक मोटारसायकल. ज्या जागी खरी उमेदवारी घडते तिच्या डोक्यावरून हा कायदा निघून जातो. पोराला रोज किती द्यायचा, किती दिवस नुसत्या जेवणावर ठेवायचे, पाना हातात कधी द्यायचा, हे सगळे मिस्त्रीच्या मर्जीवर. आणि मिस्त्रीची तरी काय चूक म्हणायची? पोरगा तयार झाला की त्याच गावात, त्याच्याच गिऱ्हाइकांकडे कमी भावात जाणार, हे त्याला माहीत असते. म्हणून तो शेवटची गोष्ट शिकवत नाही. मोजमाप स्वतः घेतो, दुकानदाराशी स्वतः बोलतो.

आता जलजीवन योजनेविषयी. १५ ऑगस्ट २०१९ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून घोषणा केली, की २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ, माणशी रोज ५५ लिटर. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ही मुदत २०२८ पर्यंत वाढवली. या योजनेने खेड्यात प्लंबिंगला सोन्याचे दिवस येणार, असा हिशेब अनेकांनी मांडला. हिशेब चुकला, कारण कामाचा प्रकार लक्षात घेतला नाही. नवी लाईन टाकणे हे गुत्तेदाराचे काम. तो निविदा भरतो, चर खणायला जेसीबी आणतो, पाइप जोडायला आपली टोळी आणतो आणि गाव संपले की टोळी पुढच्या गावाला. गावातल्या पोराला चर बुजवायचे काम मिळाले तर मिळाले. त्यात २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यातल्या गुत्तेदारांनाच आंदोलने करावी लागली. वर थकबाकी झाली की सगळ्यात खालच्या माणसाचा रोज सगळ्यात आधी अडतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

गावाला खरा कारागीर लागतो तो लाईन टाकून झाल्यावर. व्हॉल्व्ह गळतो, रस्त्याच्या कामात पाइप फुटतो, वरच्या आळीला पाणी चढत नाही म्हणून कुणी नळाला थेट मोटर लावतो. यासाठी केंद्राने 'नल जल मित्र' नावाचा कार्यक्रम आणला. गावातल्याच माणसाला प्लंबिंग, वीज आणि पंप अशी तिन्ही कामे शिकवायची. कल्पना उत्तम. पण या मित्राचे पोट पाणीपट्टीवर. पाणीपट्टी गोळा करायची ग्रामपंचायतीने, आणि ज्या नळाला आठवड्याने पाणी येते त्या नळाची पट्टी लोक का भरतील? नळ आहे, पाणी नाही. पाणी नाही म्हणून वसुली नाही. वसुली नाही म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला पगार नाही. प्रशिक्षणाचे तास वाढवून ही गाठ सुटणारी नाही.

मराठवाड्यात प्लंबरचे पोट पाइपावर कमी आणि पावसावर जास्त आहे, हे कोणत्याही कौशल्यवर्गात सांगत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. बीड जिल्हाही त्याच दुष्काळात होरपळत होता. असे वर्ष आले की बांधकामे थांबतात आणि बांधकामाबरोबर प्लंबर थांबतो. बरे, पाऊस झाला तरी घर बांधायचा पैसा कापूस-सोयाबीन विकल्यावर किंवा ऊसतोडीहून माणसे परतल्यावर हातात येतो. म्हणजे काम लागते ते शिमग्याच्या आगेमागे, आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत उरकायचे असते. बाकीचे महिने बदलायच्या तोट्या, अडकलेले बॉलकॉक आणि बोअरच्या जड पाण्याने क्षार धरलेले शॉवर यांचे. त्यावर एका माणसाचे भागेल, कुटुंबाचे ओढाताणीनेच. घरकुलांचा आकडा मोठा दिसतो, पण केंद्राने २०१६ साली सपाट भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये ठरवले. असल्या पैशात वेगळा प्लंबर कोण बोलावणार? एक तोटी आणि एक भांडे गवंडीच बसवून देतो.

एक गोष्ट बोलायला लोक कचरतात, ती बोललीच पाहिजे. या धंद्यात दोन लाईनी असतात. एक पाण्याची आणि एक संडासची. कोर्सच्या जाहिरातीत चकचकीत नळ दिसतो, पण गावात रात्री-अपरात्री येणारा फोन चोकअपचा असतो. पाण्याची लाईन करायला सगळे तयार. तुंबलेल्या चेंबरमध्ये हात घालायची वेळ आली की मिस्त्री दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो, आणि तो दुसरा कोण असतो, कोणत्या वस्तीतून येतो, हे गावाला विचारावे लागत नाही. पोराला पाठवणाऱ्या बापाने स्वतःला विचारावे, की हे काम माझा पोरगा करील का. आणि नाही म्हणत असेल तर ते कुणाच्या अंगावर टाकील.

इथे धोका जिवाचा आहे. मे २०२३ मध्ये आपल्या शेजारच्याच परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. अशा घटनांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पहिला उतरतो, पडतो. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास थोडा असताना येतो, प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वासच येईनासा होतो. "वास नाही, म्हणजे वायू नाही" या समजुतीने कितीतरी माणसे मारली असतील. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय टाकीत किंवा गटारात माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांना १० लाख द्यायला सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. हाताखालच्या पोराला यातले काही माहीत नसते. त्याला एवढेच ऐकू येते, "उतर रे जरा, दोन मिनिटांचं काम आहे." नवख्या पोराला कोणते काम आधी शिकवावे असे मला विचाराल तर मी म्हणेन, अशा वेळी नाही म्हणायचे.

उरलेली झीज हळूहळू होते. ग्राइंडरने भिंत कापताना उडणारी धूळ, तोंडाला जेमतेम रुमाल, सिंकखाली मान वाकडी करून काढलेले तास, गुडघे. चाळिशीच्या आत खांदा धरलेले मिस्त्री काही कमी नाहीत.

पैशाचे काय? काम पॉइंटवर, फुटावर नाहीतर रोजावर. अंगावर घेतलेल्या कामात कमाई बरी, पण बाकी राहते. गावात ओळखीचे घर असते, भावकी असते. "सुगी झाल्यावर देतो" म्हटले की विषय संपतो. म्हणून मिस्त्री आपली कमाई मजुरीत न शोधता मालात शोधतो. दुकानदार गिऱ्हाइकामागे टक्केवारी देतो, काही कंपन्यांच्या खोक्यात प्लंबरसाठी कूपन असते, ते खरवडून मोबाइलवर गुण जमा होतात. मजुरी नीट मिळत नाही म्हणून ही वाट आली, हे मला मान्य आहे. पण एकदा ती लागली की कोणता नळ टिकाऊ हे सांगणारा माणूस कोणत्या नळात कूपन जास्त हे बघायला लागतो. गिऱ्हाइकालाही ते कळते, आणि मग ते मजुरीत आणखी घासाघीस करते.

सरकारी कागदांवर हा कारागीर धड कुठे बसत नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. गवंडी आहे, सुतार आहे, कुलूप बनवणारा आहे, हार गुंफणारा आहे. प्लंबर नाही, कारण तो परंपरागत कारागीर धरला जात नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होऊ शकते आणि ती करावीच. पण तिथे वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वर्षभरात पन्नास घरी दोन-दोन दिवस काम करणाऱ्याला दाखला द्यायला मालक कोणता?

ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याकडे एकदा बघावे. पट्टामुंडई आणि भोवतालच्या गावांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या प्लंबिंगमध्ये आहेत. कोलकात्यापासून मुंबई-पुण्यापर्यंत आणि पुढे आखातातही मोठ्या इमारतींच्या पाइपांत त्यांचा हात आहे. प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था पट्टामुंडईत नंतर आली, धंदा आधी होता. तिथला पोरगा शहरात उतरतो तेव्हा खोलीवर भाऊबंद असतात, हाताखाली घेणारा काका असतो, कोणता गुत्तेदार पैसे बुडवतो ते आधीच कळलेले असते. शिकतानाची दोन भुकी वर्षे तो समाज उचलून धरतो. बीड जिल्ह्याची अशी साखळी आहे, पण ती ऊसतोडीच्या मुकादमाची. ती उसाच्या फडात नेऊन सोडते, वर उचल देऊन बांधूनही ठेवते. नेकनूरचा एकटा पोरगा प्रमाणपत्र घेऊन पुण्यात जातो तेव्हा तो या केंद्रापाड्याच्या साखळीशी स्पर्धा करतो, आणि हे त्याला तिथे गेल्यावर कळते.

परदेशाची वाट दाखवणारेही आहेत. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यातल्या व्यवसायांत नळकारागीर आहे. त्यासाठी आधी जर्मन भाषा शिकावी लागते, आणि हा उंबरा आठवी झालेल्या पोराला सोपा नाही. आखाताची वाट अधिक वापरातली, अधिक फसवणुकीची. परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. लाख-दीड लाख मागणारा एजंट कायदा मोडतो आहे, मग त्याने कितीही चकचकीत ऑफर लेटर दाखवो. परवाना आहे की नाही ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघता येते.

आणि एक बारीकसे कलम. आयटीआयचा हा कोर्स आठवीवर मिळतो म्हणून पुष्कळ बाप पोराची शाळा तिथेच तोडतात. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर मात्र आखातासह अठरा देशांसाठी सरकारी मंजुरीची अट पडते. उमेदवारीतले विद्यावेतनही शिक्षणावर ठरते. तेव्हा नेकनूरच्या कुणा बापाने पोराला या धंद्यात घालायचे ठरवलेच असेल, तर दहावी होऊ द्यावी. कोर्सची फी भरण्याआधी गावातल्या एखाद्या मिस्त्रीकडे उन्हाळ्याचे दोन महिने बिगारी म्हणून पाठवावे, आणि पुढची तीन वर्षे घरातून महिन्याला किती पैसे लागतील ते कागदावर मांडून बघावे.